चोवीस वर्षांचा प्रतिध्वनी

प्रकाशापेक्षा वेगवान यान नाही, अवकाशातले बोगदे नाहीत, आणि परग्रहावरच्यांना आपली भाषा आपोआप येत नाही. या तीन अटी घालून मी परग्रहसंपर्कावरची दीर्घकथा लिहायला घेतली. कथानक डोक्यात नव्हतं. होती ती एक स्प्रेडशीट, आणि तिच्या पहिल्या ओळीत कुठल्यातरी ताऱ्याचं अंतर भरायचं होतं.

प्रॉक्सिमा सेंटॉरी सगळ्यात जवळचा तारा, ४.२४ प्रकाशवर्षांवर, आणि २०१६ साली त्याच्याभोवती एक ग्रहही सापडला. पण तो लाल खुजा तारा आहे, वारंवार ज्वाळा फेकणारा, आणि ग्रह त्याला इतका चिकटून फिरतो की तिथलं वर्ष ११ दिवसांचं. निम्मी कथा किरणोत्सारापासून बचाव करण्यातच गेली असती. मला शांत, वयस्कर, सूर्यासारखा तारा हवा होता. तिमिंगल तारकासमूहातला टाउ सेटी तसा आहे: ११.९ प्रकाशवर्षांवर, सूर्याच्या साधारण निम्म्या तेजाचा, नुसत्या डोळ्यांनी दिसणारा. १९६० साली फ्रँक ड्रेक यांनी ग्रीन बँकच्या रेडिओ दुर्बिणीतून परग्रहावरचे संदेश ऐकायचा पहिला प्रयत्न केला, तेव्हा निवडलेल्या दोन ताऱ्यांपैकी हा एक. त्याच्याभोवती ग्रह असल्याचे दावे झालेत आणि त्या दाव्यांवर वादही आहेत, म्हणजे लेखकाला हवी तेवढी मोकळीक. एक गोष्ट मी किरकोळ म्हणून कोपऱ्यात टिपून ठेवली होती. त्या ताऱ्याभोवती धूळ आणि दगडधोंडे आपल्या सूर्यमालेच्या दहापटीहून जास्त आहेत. पुढे सगळी कथा त्या टिपणाभोवती फिरली.

आधी यानाचं बघू म्हटलं. व्हॉयेजर-१ सेकंदाला १७ किलोमीटर वेगाने चाललंय. त्या वेगाने टाउ सेटी दोन लाख वर्षांहून दूर. मी प्रकाशाच्या दहा टक्के वेग धरला, म्हणजे प्रवास ११९ वर्षांचा. मग त्सिओल्कोव्स्कीचं १९०३ सालचं रॉकेटचं समीकरण मांडलं. त्यात दोनच गोष्टी महत्त्वाच्या: किती वेग हवा, आणि इंजिनाचा झोत किती वेगाने बाहेर पडतो. उत्तम रासायनिक इंधनाचा झोत सेकंदाला साडेचार किलोमीटरच्या आसपास असतो. हा आकडा टाकल्यावर एक्सेलने उत्तरच दिलं नाही, त्या रकान्यात मावणार नाही असं कळवलं. लॉगॅरिदम घेऊन हाताने काढलं, तर एक टन सामान पोचवायला १ वर २,८९५ शून्यं इतके टन इंधन. दिसणाऱ्या विश्वातल्या एकूण अणूंचा अंदाज १ वर ८० शून्यं एवढाच आहे. रासायनिक रॉकेटचा विषय तिथे संपला.

अणुसंमीलनाकडे वळले. ब्रिटिश इंटरप्लॅनेटरी सोसायटीने १९७३ ते १९७८ या काळात ‘डेडॅलस’ नावाच्या यानाचा आराखडा केला होता: ५४,००० टनांचं यान, त्यात ५०,००० टन इंधन, वेग प्रकाशाच्या बारा टक्के. इंधनातला हेलियम-३ गुरूच्या वातावरणातून गोळा करायचा, असं त्यात म्हटलंय. आराखडा वाचताना एक गोष्ट नजरेत भरते, हे यान थांबत नाही. बर्नार्डच्या ताऱ्याजवळून जायचं, जाता जाता बघायचं, आणि पुढे.

का थांबत नाही, हे माझ्या स्प्रेडशीटने सांगितलं. झोत सेकंदाला १०,००० किलोमीटर धरला तर दहा टक्के वेग गाठायला एका टनामागे साधारण वीस टन वस्तुमान घेऊन निघावं लागतं. पोचल्यावर थांबायचं असेल तर चाळीस नाही, चारशे. कारण थांबण्यासाठीचं इंधनही आधी त्या वेगापर्यंत न्यावं लागतं; वीस गुणिले वीस. चुंबकीय शीड वापरून आंतरतारकीय वायूच्या रेट्याने वेग कमी करायची कल्पना मांडली गेलेली आहे आणि तिचा मला मोह झाला होता. पण न थांबणाऱ्या यानाचं गणित मांडलं आणि तो मोह गेला. टाउ सेटीच्या उबदार पट्ट्यातला ग्रह ताऱ्यापासून पृथ्वी-सूर्य अंतराच्या ०.७ पटीवर असेल. दहा टक्के वेगाने ती सगळी कक्षा या टोकापासून त्या टोकापर्यंत ओलांडायला दोन तासही लागत नाहीत. ११९ वर्षं प्रवास आणि दोन तास भेट. थांबणाऱ्या यानापेक्षा हे मला फार आवडलं.

पण जाणार कशाला? तिथे कोणी आहे हे आधी कळायला हवं. आपल्या टीव्ही मालिका चुकून तिकडे पोचतात आणि ते बघतात, ही कल्पना विज्ञानकथांत इतकी रुळली आहे की तिचाही हिशेब करून पाहिला. चहूकडे पसरणारं एक मेगावॉटचं प्रक्षेपण आणि पोर्टो रिकोतल्या अरेसिबो रेडिओ दुर्बिणीच्या रडारसारखा एका दिशेने रोखलेला झोत, यांत त्या दिशेपुरता दोन कोटी पटींचा फरक पडतो. १०० मीटर व्यासाच्या अँटेनाने टाउ सेटीच्या अंतरावरून ऐकायचं, तर एक हर्ट्‌झच्या अरुंद खिडकीत तो रडारचा झोत गोंगाटापेक्षा दोन-अडीच हजार पट वर उठतो. टीव्ही त्याच गोंगाटाच्या हजारो पट खाली बुडालेला. म्हणजे मालिका कोणी बघत नाही, पण रडार ऐकू येऊ शकतं. अर्थात हेच उलट बाजूनेही खरं.

त्यांच्याकडे अरेसिबोएवढं रडार का असेल? इथे कोपऱ्यातलं टिपण कामी आलं. दहापट दगडधोंडे असलेल्या ग्रहमालेत राहणाऱ्यांना आकाशावर पहारा ठेवावाच लागेल. तेव्हा माझे परग्रहवासी आपल्याला हाक मारत नाहीत. ते दगड मोजतायत. झोत ठरावीक वेळाने आकाशाचा तोच तुकडा चाळतो, आणि त्या तुकड्यात योगायोगाने आपला सूर्य आहे. तिथून बघितलं तर सूर्य भूतप तारकासमूहात, स्वातीपासून हाताच्या काही बोटांवर, मध्यम तेजाचा एक साधा तारा दिसेल. त्यांनी त्याला नाव दिलं असेल की नाही, यावर मी एक परिच्छेद लिहिला आणि काढून टाकला.

मला सगळ्यात मजा आली ती पुढच्या टप्प्यात. संदेश नाही, नुसते रडारचे स्पंद. त्यातून नायिकेला काय काय कळेल? १५ ऑगस्ट १९७७ रोजी ओहायोतल्या ‘बिग इअर’ दुर्बिणीने ७२ सेकंदांचा एक जोरदार संकेत टिपला होता, तो पुन्हा कधी आला नाही, म्हणून आजवर त्याचं काही करता आलं नाही. माझ्या कथेतला संकेत मात्र पुन्हा पुन्हा येतो, कारण पहारा रोजचा आहे. आणि पुन्हा आला की डॉप्लर, म्हणजे येण्याजाण्याच्या वेगामुळे फ्रिक्वेन्सीत पडणारा फरक, मोजता येतो. ग्रह ताऱ्याभोवती फिरताना कधी आपल्याकडे येतो, कधी दूर जातो, ०.७ पट अंतरावर त्याचा वेग सेकंदाला साधारण साडेएकतीस किलोमीटर निघतो. २,००० मेगाहर्ट्‌झच्या संकेतात त्यामुळे जास्तीत जास्त २१० किलोहर्ट्‌झचा चढउतार दिसेल, कक्षा कललेली असेल तर कमी. हा चढउतार ज्या काळाने पुन्हा पहिल्यासारखा होतो, ते त्यांचं वर्ष: आपले सुमारे २४२ दिवस. त्यावर स्वार झालेला काही किलोहर्ट्‌झचा बारीक चढउतार म्हणजे ग्रहाचं स्वतःभोवती फिरणं, म्हणजे त्यांचा दिवस. तो मी ३१ तासांचा ठरवला. रडार मावळतं कधी आणि उगवतं कधी यावरून ते कुठल्या अक्षांशावर असावं याचाही अंदाज बांधता येतो. एका शब्दाचाही अर्थ न लागता नायिकेकडे त्यांचं कॅलेंडर आणि घड्याळ आलेलं असतं.

आता उत्तर पाठवायचं. १९७४ साली अरेसिबोतून पाठवलेला संदेश १,६७९ बिटांचा होता, म्हणजे २३ गुणिले ७३. दोन्ही मूळ संख्या असल्याने बिटांची चौकट एकाच मापाची मांडता येते आणि चित्र उमटतं. मीही ३१ गुणिले ४७ ची अशी चौकट करून बघितली आणि शून्य-एकांची नुसती ओळ काही मित्रमैत्रिणींना दिली. एकीने ती ४७ ओळींऐवजी ३१ ओळींत मांडली आणि उमटलेल्या तिरक्या पट्ट्यांना ती बराच वेळ संदेश समजत होती. भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या मित्राने चित्र बरोबर काढलं, पण माझ्या दोन पायांच्या माणसाला तो अँटेनाचा खांब म्हणाला. आम्ही एकाच जीवजातीचे आणि एकाच कॉलेजचे. ज्यांना डोळे आहेत की नाहीत हेही ठाऊक नाही त्यांना चित्र पाठवण्यात काय हशील?

मग वाटलं, जे रडार चालवतात त्यांना एक गोष्ट नक्की कळते: प्रतिध्वनी. तेव्हा नायिका त्यांचेच स्पंद जसेच्या तसे परत पाठवते. चोवीस वर्षांपूर्वी सोडलेली स्पंदमाला, एका ताऱ्याच्या दिशेने परत आलेली, आणि कुठल्याही दगडावरून येईल त्यापेक्षा कल्पनेपलीकडे जोरदार. फरक एकच, मूळ संख्यांच्या जागेवरचे स्पंद गाळलेले. तिकडे कोणीतरी जुन्या नोंदी काढून ताडून बघेल, यावर सगळी भिस्त. पाठवण्यासाठी मला दक्षिण गोलार्धात नवी अँटेना उभारावी लागली. अरेसिबोची तबकडी जमिनीत बसवलेली होती, आकाशाचा ठरावीक पट्टाच तिला दिसायचा आणि टाउ सेटी त्या पट्ट्याच्या दक्षिणेला. शिवाय १ डिसेंबर २०२० रोजी ते कोसळलंच.

पाठवताना नायिका एकोणतीस वर्षांची आहे. उत्तर येईल तेव्हा त्रेपन्न. दुसरा प्रश्न विचारला तर त्याचं उत्तर सत्त्याहत्तराव्या वर्षी. संवादलेखनाची मला हौस आहे, पण या कथेत दोन्ही बाजूंचा संवाद म्हणून लिहिण्यासारखं एवढंच. म्हणून दोन्हीकडचे लोक उत्तराची वाट न बघता बोलत राहतात, आणि मिळणारं प्रत्येक उत्तर चोवीस वर्षांपूर्वीच्या बोलण्याला असतं. मधल्या काळात इकडची सरकारं बदलतात, अँटेनाचा निधी दोनदा थांबतो. ही प्रकरणं मी भराभर उरकली. निधीच्या बैठका कुठल्याही शतकात सारख्याच.

त्यांना अवकाशयानं का नाहीत, हे मात्र नीट बसवलं. ग्रह पृथ्वीच्या पाचपट वस्तुमानाचा आणि १.६ पट त्रिज्येचा धरला. गुरुत्व जवळजवळ दुप्पट, आणि कक्षेत जाण्यासाठी सेकंदाला ७.९ ऐवजी १४ किलोमीटर वेग हवा. पृथ्वीवरून निघणाऱ्या रॉकेटच्या वजनात नव्वद टक्क्यांच्या आसपास इंधनच असतं. तिथे ते अठ्ठ्याण्णव टक्के होतं, आणि टाक्या, इंजिनं, सामान सगळं उरलेल्या दोन टक्क्यांत बसवायचं. अशक्य नाही, पण पिढ्यानपिढ्या कोणी त्याच्या फंदात पडलं नसेल हे पटण्यासारखं आहे. म्हणजे दगड येताना ते बघू शकतात, अडवू शकत नाहीत. ज्या भागावर पडणार तिथून लोक हलवायचे, एवढंच हातात. आणि आपला ग्रह बाहेरून कसा दिसतो, हे त्यांच्यापैकी कोणी कधी पाहिलेलं नाही.

अशा लोकांकडे आपण एक यान पाठवणार. मी त्याची गतिज ऊर्जा काढली. एक टन वस्तुमान, प्रकाशाच्या दहा टक्के वेग: १०० मेगाटनांहून जास्त. १९६१ साली सोव्हिएत संघाने फोडलेला आजवरचा सर्वांत मोठा हायड्रोजन बॉम्ब ५० मेगाटनांचा होता. आपलं छायाचित्र काढायला येणारं यान म्हणजे तसे दोन बॉम्ब, नेम त्यांच्या ग्रहाच्या आसपास, आणि तेही दगडांना आयुष्यभर भिऊन राहणाऱ्यांच्या दिशेने. संकट यानावरही आहेच, एक मिलिग्रॅमचा धुळीचा कण त्या वेगाला १०० किलो टीएनटीसारखा आदळतो, म्हणून मी यान धुळीच्या तबकडीच्या वरून नेलं. पण त्याच्यापेक्षा मोठा प्रश्न परवानगीचा होता. कथेचा गाभा तोच झाला.

एक गट म्हणतो, आधी विचारा. चोवीस वर्षं थांबा, होकार आला तर सोडा. दुसरा गट म्हणतो, आजच सोडा आणि आजच विचारा. त्यांचा नकार आपल्याला २३.८ वर्षांनी मिळेल, वळण्याची आज्ञा यानाला गाठेल सुटल्यापासून साडेसव्वीस वर्षांनी. तेव्हा ब्याण्णव वर्षांचा प्रवास उरलेला असेल. एवढ्या आधी दिशा बदलली तर ग्रहापासून पृथ्वी-सूर्य अंतराइतकं लांबून जायला सेकंदाला अवघा ५० मीटरचा आडवा धक्का पुरतो. हा आकडा पहिल्यांदा निघाला तेव्हा मी तीनदा तपासला, कारण त्याने दुसऱ्या गटाची बाजू फारच भक्कम केली. माझा स्वतःचा कल पहिल्या गटाकडे आहे आणि नायिकेचाही. तरी चांगले युक्तिवाद दुसऱ्यांच्या तोंडी घालावे लागले. नायिकेकडे उरलं ते एकच म्हणणं: धक्का देणारं इंजिन साडेसव्वीस वर्षांनी चालू झालं नाही तर?

मसुदा वाचून त्या भौतिकशास्त्राच्या मित्राने फोन केला. म्हणाला, “अगं, यान वळवलंस, पण रिकामा टप्पा?” इंधन संपल्यावर सुटा झालेला रॉकेटचा टप्पा कुठेही थांबत नाही. तोही त्याच वेगाने, त्याच दिशेने, यानाच्या मागोमाग ११९ वर्षं येणार, आणि त्याचं वजन शेकडो टनांत. तो फोन म्हणजे एक अख्खं प्रकरण होतं. कथेत आता टप्पा सुटतानाच त्याला आडवा ढकलून देतात, आणि तो ढकलला गेल्याची खात्री देणारा संकेत पृथ्वीपर्यंत पोचतो तेव्हा नियंत्रण कक्षात पहिल्या आणि दुसऱ्या गटाचे लोक शेजारी शेजारी बसलेले आहेत. कोण जिंकलं हे तिथवर वाचकाला कळलेलं असतं, इथे सांगत नाही.

शेवटाबद्दल बराच वाद झाला, मुख्यतः माझा माझ्याशी. यान जवळून जाताना काढलेली छायाचित्रं आपल्याकडे पाठवतंच, पण त्याआधी ती त्यांनाच, थेट ग्रहाकडे पाठवतं. जवळून असल्याने छोटा प्रक्षेपक पुरतो. अडचण फ्रिक्वेन्सीची. यानाने २,००० मेगाहर्ट्‌झवर पाठवलं तर जवळ येताना त्यांना ते २,२११ वर ऐकू येईल आणि लांब जाताना १,८०९ वर. पाच लाख किलोमीटरवरून जाताना निम्म्याहून जास्त घसरण अर्ध्या मिनिटात होते. आधीपासून माहीत नसेल तर त्यांचा रिसीव्हर त्या संकेतामागे धावू शकणार नाही. म्हणून यान सुटतं त्या दिवशी पृथ्वीवरून एक वेळापत्रक पाठवलं जातं: कुठल्या क्षणी, आकाशाच्या कुठल्या बिंदूकडे, कुठली फ्रिक्वेन्सी. ते यानाच्या १०७ वर्षं आधी पोचतं. घड्याळाचाही प्रश्न येतो. या वेगाला यानावरचा काळ ११९ वर्षांत सात महिने मागे पडतो, म्हणून वेळा कुणाच्या घड्याळाप्रमाणे हे स्पष्ट लिहावं लागतं. नायिकेने ते त्यांच्या घड्याळात लिहिलंय, ३१ तासांच्या दिवसांत आणि तशा सुमारे १८७ दिवसांच्या वर्षांत.

शेवटचं प्रकरण म्हणजे ते वेळापत्रकच. मित्राचं म्हणणं होतं की तक्ता परिशिष्टात टाक आणि शेवट पूर्वीसारखाच नायिकेवर कर. मी तक्ता तिथेच ठेवला आणि यानाच्या घड्याळाचा रकाना त्यातून काढला, कारण तो वाचणाऱ्यांना त्याचा काही उपयोग नव्हता.